'यूटोपिया' (चॅनल ४, २०१३-१४) : कुणी पाहिली आहे का?

सांजवारा

मंडळी, इथे कितीतरी मालिकांवर धागे निघाले, पण जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं तिच्यावर एकही सापडला नाही. म्हणून हा काढतेय. ब्रिटनच्या चॅनल ४ ची 'यूटोपिया'. दोन पर्वं, सहा-सहा भाग, एकूण १२. ऑक्टोबर २०१४ मध्ये वाहिनीने ती बंद केली आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली.

तेव्हा मी लीड्सला होते. नोकरीचं पहिलंच वर्ष, भाड्याच्या घरात आम्ही चौघी, हॉलमध्ये घरमालकाचा जुना टीव्ही. १५ जानेवारी २०१३, मंगळवार, रात्री दहा. दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं म्हणून लावली.

पहिलंच दृश्य कॉमिक्सच्या दुकानात. दोन माणसं आत येतात. एक सुटाबुटातला, हातात झगझगीत पिवळी पिशवी. दुसरा बुटका, जाडसर, धापा टाकल्यासारखा श्वास घेणारा, चॉकलेटात घोळवलेले बेदाणे खाणारा. दोघं कसलीही घाई न करता दुकानातल्या माणसांना मारत जातात. आवाज चढवत नाहीत. विचारायचं ते एकच: जेसिका हाईड कुठे आहे? आमच्यातल्या दोघी उठून झोपायला गेल्या. मी आणि माझी मल्याळी मैत्रीण शेवटपर्यंत बसलो, आणि पुढचे पाच मंगळवार आम्ही दोघींनी कुठलंही काम रात्री दहाच्या पुढे जाऊ दिलं नाही.

गोष्ट थोडक्यात (पहिल्या पर्वाचं रहस्य पुढच्या दोन परिच्छेदांत फुटतं, ज्यांना कोरी पाटी ठेवून बघायची आहे त्यांनी ते गाळा). 'द यूटोपिया एक्सपेरिमेंट्स' नावाच्या एका चित्रकादंबरीचे चाहते इंटरनेटवर भेटतात. ती काढणारा माणूस मनोरुग्णालयात मेला, आणि तिच्या दुसऱ्या भागाचं हस्तलिखित कुठेतरी आहे अशी बोलवा. ते एकाच्या हाती लागतं आणि तो मरतो. मग उरलेल्यांचं आयुष्य एका रात्रीत पुसलं जातं: बँकेतले पैसे, नोकरी, नाव, सगळं. बेकी ही संशोधन करणारी विद्यार्थिनी, इयन आयटीतला, विल्सन विल्सन हा आधीपासूनच सगळ्या सरकारांवर संशय घेणारा, आणि ग्रँट हा ११ वर्षांचा मुलगा, जो ऑनलाइन आपण मोठे आहोत असं सांगत असतो. त्यांच्या मागे 'नेटवर्क' नावाची संघटना. दुसरीकडे आरोग्य खात्यातला डगडेल नावाचा अधिकारी. त्याची नस दाबून त्याच्याकडून एका लशीची प्रचंड खरेदी मंजूर करून घेतली जाते. रशियन फ्लूची साथ आलीय अशी आवई, आणि त्यावरची ती लस.

लशीत काय आहे हे पाचव्या भागाच्या आसपास कळतं. त्याचं नाव जॅनस. ते माणसाला मारत नाही, फक्त बहुतेकांना मूल होऊ देत नाही. नेटवर्कचं म्हणणं असं की तेल, पाणी, अन्न सगळं संपत चाललंय, माणसं वाढतच चाललीत, आणि उपासमार नि युद्धांत अब्जावधी मरण्यापेक्षा एक-दोन पिढ्यांत संख्या शांतपणे खाली आणलेली बरी. मारेकऱ्यांच्या टोळीकडून इतकं शांत, इतकं नीट बांधलेलं म्हणणं मी कुठल्याही मालिकेत ऐकलं नव्हतं. खलनायकाला पैसा नको, सत्ता नको. त्याला पुढच्या पिढ्यांची काळजी आहे.

आता यात माझं असं काय गुंतलं? ऑगस्ट २००९ मध्ये मी पुण्यात कॉलेजात होते. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी तिथेच गेला होता. शाळा, कॉलेजं, मल्टिप्लेक्स बंद. नायडू हॉस्पिटलपुढे तोंडाला रुमाल बांधलेल्यांच्या रांगा. कुणी निलगिरीचं तेल, कुणी कापूर-वेलचीची पुरचुंडी जवळ बाळगत होतं. ती भीती अंगात असताना साडेतीन वर्षांनी मी परदेशात बसून बघते की कुणीतरी अशीच भीती मुद्दाम तयार करतंय, आणि का, तर माणसं जास्त झालीत म्हणून. जास्त झालेली माणसं म्हणजे कोण, हे त्या हॉलमध्ये बसलेल्या आम्हा दोघींना न बोलता कळलं. माझी मैत्रीण कोल्लमची, मी पुण्याची.

दिसायला ही मालिका इतकी सुंदर आहे की त्याचा त्रास होतो. मार्क मंडेन या दिग्दर्शकाने सुरुवातीच्या भागांत रंगांचा जो पोत ठरवला तो पुढे सगळ्यांनी सांभाळला. आकाश निळंहिरवं, गवत खेळण्यातलं वाटावं असं हिरवं, आणि मधेच तो पिवळा. हेरगिरीच्या मालिका म्हटलं की करडा पाऊस आणि अंधारे जिने असतात. इथे सगळी क्रूरता लख्ख उजेडात, रुंद मोकळ्या चौकटीत घडते. चित्रण बरंचसं मर्सीसाइड आणि यॉर्कशायरकडचं. मी राहत होते त्याच भागातली ओळखीची उदास माळरानं टीव्हीवर अशी दिसायची की सकाळी बसमधून बाहेर बघताना रंग फिके वाटायचे.

लेखक डेनिस केली. 'माटिल्डा' या संगीतिकेची संहिता लिहिणारा हाच, हे कळल्यावर मी दोन दिवस विचार करत होते. पण दोन्हीकडे मुलांना मोठ्यांच्या जगात एकटं सोडलेलं आहे, हे नंतर लक्षात आलं.

आणि बंद पडल्यावर काय झालं? चाहत्यांनी याचिका काढल्या, सह्या गोळा केल्या. वाहिनीने सांगितलं की नव्या मालिकांना जागा करायची तर जुन्यांना निरोप द्यावा लागतो. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारांत 'यूटोपिया' सर्वोत्तम नाट्यमालिका ठरली. बंद झाल्यानंतर महिन्याभराने! मी तेव्हा ऑफिसात होते आणि मला राग आवरेना.

कुणी पाहिली असेल तर लिहा. मला विशेषतः हे ऐकायचंय: जॅनसवाल्यांना तुम्ही काय उत्तर द्याल?

---

गव्हाळ

पहिलं पर्व पाहिलंय, मित्राच्या हार्ड डिस्कवरून. विल्सनच्या डोळ्यांचा प्रसंग (मिरच्या, वाळू, ब्लीच, चमचा) मी अर्धा पाहिला आणि लॅपटॉप बंद केला. दोन आठवड्यांनी परत लावला. तो प्रसंग पुढे ढकलला, पण आवाज कानात आधीच बसला होता.

तिसऱ्या भागात शाळेत होतं ते मात्र मला आजही मान्य नाही. अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत मुलं मारली गेली ती १४ डिसेंबर २०१२ ला. हा भाग दाखवला जानेवारीच्या शेवटी. दीड महिना. त्यावर तक्रारी गेल्या होत्या आणि त्या रास्त होत्या असं माझं मत आहे. भाग पुढे ढकलता आला असता.

दुसरं पर्व बघण्यासारखं आहे का? त्या बेदाणे खाणाऱ्या आर्बीसाठी बघायची इच्छा आहे. नील मॅस्केल या नटाने त्या माणसाला काय उभं केलंय! सुरुवातीला किळस येते, सहाव्या भागापर्यंत त्याचं काय होणार याचा घोर लागतो.

---

सांजवारा

@गव्हाळ, शाळेच्या प्रसंगाबद्दल तुमचं पटतं. कथेला तो लागतो, कारण त्यातूनच ग्रँटवर आळ येतो. पण इतक्या लवकर दाखवण्याची गरज नव्हती.

दुसरं पर्व जरूर बघा, आणि पहिला भाग सलग, मध्ये न उठता. तो सगळाच्या सगळा १९७० च्या दशकात, १९७९ पर्यंत येणारा. आपली नेहमीची पात्रं त्यात नाहीतच. चित्रही जुन्या टीव्हीसारखं चौकोनी, कडेला काळ्या पट्ट्या. कार्व्हेल हा शास्त्रज्ञ आणि मिल्नर ही गुप्तहेर बाई, दोघांची तरुणपणीची गोष्ट. भूमिका टॉम बर्क आणि रोझ लेस्ली यांच्या. जॅनस कसं जन्मलं ते त्यात आहे, आणि ते प्रेमकथेसारखं सांगितलंय. संपामुळे रस्त्यांवर साचलेला कचरा, तो ब्रिटनमधला कडक हिवाळा, सगळं जुन्या बातम्यांच्या फितींमधून येतं.

त्यातही एक वाद झाला. एअरी नीव्ह हे खासदार मार्च १९७९ मध्ये संसदेच्या वाहनतळावर गाडीतल्या बॉम्बने मारले गेले. ती खरी घटना. मालिकेने ती हत्या आपल्या नेटवर्कच्या माथी मारली. त्यांच्या घरच्यांना ते लागलं आणि त्यांनी तसं जाहीरपणे सांगितलं. मला स्वतःला तिथे खटकलं. काल्पनिक माणूस घेऊन तोच परिणाम साधला असता.

---

पेटीवाला

संगीताबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून माझा प्रतिसाद.

क्रिस्तोबल तापिया दे व्हेर. मूळचा चिलीचा, आता कॅनडाचा. हल्ली लोक त्याला 'द व्हाइट लोटस'च्या शीर्षकसंगीतामुळे ओळखतात, पण त्यातलं सगळं बीज 'यूटोपिया'त आहे. माणसाचा आवाज तो वाद्यासारखा वापरतो. श्वास, हुंकार, कापलेले स्वर, मधेच लहान मुलांच्या खेळातल्यासारखी टाळी. थरारपटात ताण वाढवायचा म्हणजे व्हायोलिनचा एकच स्वर ताणत नेतात, ही सवय त्याने टाकून दिली. माणूस मरत असतो आणि मागे नाचावंसं वाटणारा ठेका चालू असतो. त्यामुळे आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं ते संगीत सांगत नाही, आणि तिथेच घशाला कोरड पडते.

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. एकदा तालमीनंतर आमच्या पखवाजवाल्या काकांना शीर्षकसंगीत ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "सम लपवून ठेवलीय रे यानं." मला तोवर कळलं नव्हतं नेमकं काय होतंय ते.

---

डॉ_निर्गुडी

सांजवारा, लेखन सुंदर आहे, तरीही मी विरोधात लिहिणार आहे.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. निवासी डॉक्टर असताना ठाणे जिल्ह्यात पल्स पोलिओच्या फेऱ्यांत काम केलंय. बूथवर जी मुलं येत नाहीत त्यांच्या घरी दुसऱ्या दिवसापासून जायचं, दारावर खडूने खूण करायची. काही दारं आमच्यासाठी उघडायचीच नाहीत. कारण? हे डोस पाजले की मुलांना पुढे मूल होत नाही, ही अफवा. पश्चिम उत्तर प्रदेशात तर त्या अफवेने वर्षानुवर्षं मोहीम मागे खेचली. एका आईने मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि हात जोडून सांगितलं की डॉक्टरीणबाई, तुमच्यावर राग नाही, पण माझ्या पोराला सोडा. तिचा चेहरा मी विसरले नाही. त्या घरातलं मूल माझ्या डोळ्यांसमोर डोस न घेता राहिलं.

देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे आम्ही ती अफवा पुसत दारोदार फिरत होतो त्याच काळात लंडनमधली एक वाहिनी तीच अफवा नितांत सुंदर रंगांत चित्रित करत होती. तुम्ही त्यावर इतक्या प्रेमाने लिहिता, ते मला वाचवलं नाही. पाहिली नाहीये, आणि पाहायची इच्छाही नाही.

---

सांजवारा

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला, लगेच उत्तर लिहिलं नाही. आज लिहितेय.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन 'यूटोपिया' आली, अ‍ॅमेझॉनवर, जॉन कुसॅकला घेऊन. साथ, लस, कट सगळं तेच. आम्ही घरात कोंडलेले, जग लशीची वाट बघतंय, आणि ही मालिका सांगतेय की लस हाच सापळा. मी ती तिसऱ्या भागात बंद केली. तेव्हा मला जे वाटलं तेच तुम्हाला मूळ मालिकेबद्दल वाटतंय, हे कळतंय मला. ती आठ भागांतच संपली आणि त्याबद्दल मला हळहळ वाटली नाही.

पण मूळ मालिकेच्या बाजूने एक सांगते. तिच्यात लस वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. वाईट आहे ते मूठभर माणसांनी एका बंद खोलीत बसून बाकीच्यांच्या पोटच्या मुलांबद्दल निर्णय घेणं. तुम्ही त्या आईला आधी विचारलंत. ती नाही म्हणाली आणि तुम्ही तिचं मूल ओढून नेलं नाहीत. नेटवर्क नेमकं हेच करत नाही. मला ती मालिका तुमच्या बाजूची वाटते. तुम्हाला पटेलच असं नाही.

---

कृष्णाकाठ

सहसा वाचनमात्र असतो. आज लिहितो.

बंद खोलीतले निर्णय म्हणालात म्हणून. आमचे आजोबा सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. आणीबाणीत, १९७६ साली, गुरुजींना 'केसेस' आणायला लावायचे. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. कोटा ठरलेला. तो भरला नाही तर पगार अडायचा, बदली व्हायची. आजोबांनी दोन केसेस आणल्या. त्यातला एक पंचावन्नच्या पुढचा होता. दुसरा मात्र चोविशीतला, एकच मुलगी असलेला, शेतमजूर. त्याला पैसे मिळणार होते आणि कागदावर काय आहे हे वाचता येत नव्हतं. आजोबांना येत होतं.

तो माणूस पुढे गावातच राहिला. आजोबा निवृत्त झाल्यावर दर दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा डबा पाठवायचे. डबा घेऊन जायचं काम माझ्याकडे असायचं. का पाठवतात ते मी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत मला माहीत नव्हतं. शेवटच्या आजारपणात त्यांनी स्वतः सांगितलं.

ही मालिका मी या धाग्यामुळेच गेल्या आठवड्यात पाहिली, पहिलं पर्व. डगडेल सही करतो ना, त्या जागी मला आजोबाच दिसले. भला माणूस, घाबरलेला माणूस, सही करणारा माणूस.

---

गव्हाळ

कृष्णाकाठ, हे लिहिल्याबद्दल आभार. यावर आणखी काय लिहावं सुचत नाही.

---

एकटाच_वाचतो

कृष्णाकाठ यांच्या आजोबांच्या गोष्टीला थोडी पार्श्वभूमी देतो, कारण महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे आणि तो विसरला गेलाय. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. तीन मुलांनंतर सक्ती. असं विधेयक मंजूर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. तो जॅनसचाच मसुदा होता, फरक इतकाच की राजपत्राच्या भाषेत.

ही हवा आली कुठून? १९६८ साली अमेरिकेत पॉल एर्लिक यांचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' आलं. त्याची सुरुवातच दिल्लीत होते. लेखक बायको-मुलीबरोबर उकाड्याच्या रात्री टॅक्सीतून जातोय, आणि रस्त्यावर माणसंच माणसं: खाणारी, धुणारी, झोपणारी. ती बघून त्याला लोकसंख्येचा प्रश्न 'आतून' कळला. गंमत नव्हे, दुःख याचं वाटतं की त्या काळी दिल्लीत पॅरिसपेक्षा कितीतरी कमी माणसं होती. पॅरिसच्या गर्दीने त्याला घाम फुटला नसता. सांजवारा आणि त्यांच्या मैत्रिणीला त्या हॉलमध्ये जे न बोलता कळलं ते इतकं जुनं आहे.

तरी मालिकेला श्रेय देतो. दुसऱ्या पर्वात बसथांब्यावरचा एक प्रसंग आहे. एक माणूस लहान मुलाला घेऊन बसलेल्या बाईला विचारतो की हे मूल का जन्माला घातलंस, आणि त्या एका ब्रिटिश मुलाच्या आयुष्यभराच्या कार्बनचा हिशेब तिच्यापुढे मांडतो. किती ट्रक, किती विमानफेऱ्या. माणूस भयंकर आहे, पण बोट पहिल्यांदाच योग्य दिशेला वळलंय. दिल्लीच्या फुटपाथवर झोपणाऱ्याकडे नाही.

आणि मूळ प्रश्नाला माझं उत्तर. जॅनसवाल्यांचा हिशेब मुळातच चुकलाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारताचा एकूण जननदर २.० आला. महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. मुली शिकल्या, मुलं जगू लागली, साधनं हाती आली, की बाया स्वतःच ठरवतात. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्स यांचं निघालं. कर्व्यांची प्राध्यापकी त्यापायी गेली. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी शेवटपर्यंत पदरमोड करून चालवलं. त्यांचा सगळा भर हा की ठरवणार बाई. एक माणूस, एक खोली, काही साधनं आणि एक मासिक. जॅनसला उत्तर त्या खोलीत होतं, मालिकेतल्या जॅनसच्या ५८ वर्षं आधीच (१९७९ धरून म्हणतो).

एक पुरवणी डॉ_निर्गुडी यांच्यासाठी. लशीच्या आडून खरा कट एकदा झालेला आहे, आणि तो २०११ चाच. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी सीआयएने अबोटाबादमध्ये कावीळ प्रतिबंधक लशीची बनावट मोहीम चालवली. उघडकीला आल्यावर पाकिस्तानातल्या पोलिओ कार्यकर्त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. २०१४ मध्ये व्हाइट हाउसने सांगितलं की यापुढे सीआयए लसीकरणाचा असा वापर करणार नाही. तुमच्या कामाचं खरं नुकसान अशा गोष्टींनी केलंय. मालिका त्यामानाने फार लहान.

---

तिरफळ

मडगांवहून नमस्कार. धागा वर आणल्याबद्दल सगळ्यांचे आभार, सगळे प्रतिसाद एका बैठकीत वाचले.

दोन गोष्टी. पहिली, रीमेकबद्दल. अ‍ॅमेझॉनच्या आधी हे एचबीओकडे होतं. डेव्हिड फिंचर दिग्दर्शन करणार, गिलियन फ्लिन लिहिणार, कलाकारही ठरले होते. २०१५ मध्ये खर्चावरून फिसकटलं. मग फ्लिनचीच पटकथा अ‍ॅमेझॉनने उचलली. फिंचरच्या हातची कशी झाली असती याचा मी अजून विचार करतो. तो रंग काढून टाकणारा माणूस, आणि या मालिकेत रंगच सगळं.

दुसरी, ज्यांना ही आवडली त्यांनी एएमसी या अमेरिकन वाहिनीची 'रुबिकॉन' शोधा. २०१०, एकच पर्व, १३ भाग. न्यूयॉर्कमधली एक संशोधनसंस्था, वरून शांत, आत गुप्तचर खात्यासाठी कागद वाचणारी माणसं. नायक शब्दकोडी सोडवता सोडवता कटापर्यंत पोचतो. 'यूटोपिया' जितकी उघडी तितकी ही दबलेली. एका भागात तर माणसं फक्त खोलीत बसून एका दहशतवाद्याला मारायचं की नाही यावर कागद चाळत असतात, जेवण मागवतात, परत कागद. तीसुद्धा एका पर्वात बंद. मला वाटतं कटाच्या गोष्टी टीव्हीवर लवकर मरतात त्याचं एक साधं कारण आहे: दर आठवड्याला थोडं कळायला हवं आणि थोडं लपायला हवं, आणि मधला एक भाग चुकला की प्रेक्षक परत येत नाही. घरपोच सगळे भाग एकदम मिळण्याआधीच्या काळात त्या जन्मल्या.

---

सांजवारा

@एकटाच_वाचतो, कर्व्यांचं डोक्यात आलंच नव्हतं. लीड्सच्या हॉलमध्ये मला हे उत्तर द्यायला हवं होतं. तेव्हा मी फक्त गप्प बसले होते.

@तिरफळ, 'रुबिकॉन' यादीत टाकली.

दुसऱ्या पर्वाचा शेवट ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासाठी (पुढे रहस्य फुटतं): विल्सन. ज्याचे वडील नेटवर्कने मारले, ज्याचा डोळा नेटवर्कने काढला, तोच हळूहळू त्यांच्या बाजूला जातो, कारण हिशेब त्याला पटतो. अदील अख्तरने ते इतकं हळू केलंय की कुठल्या क्षणी तो पलीकडे गेला ते सांगता येत नाही. मालिका बंद पडल्याचं खरं दुःख मला इथे आहे. जेसिकाचं काय झालं याहून मला हे बघायचं होतं की त्याला परत कोण आणतं, आणि काय बोलून.

---

डॉ_निर्गुडी

तीन आठवड्यांनी परत आलेय. कृष्णाकाठ यांच्या आजोबांबद्दल वाचल्यावर राहवेना, म्हणून पहिलं पर्व पाहिलं. शाळेचा भाग आणि डोळ्यांचा प्रसंग गाळून.

नेटवर्कमधला लेट्स जॅनसचा हिशेब मांडतो आणि विल्सन ऐकत असतो, तिथे मी टीव्हीसमोर उभी राहून मोठ्याने वाद घालत होते. नवरा आतून विचारायला आला कुणाचा फोन आहे. एकटाच_वाचतो यांचा १.७ मी त्या लेट्सला ऐकवला. मुलीने विचारलं की तो माणूस वाईट आहे का. म्हटलं, हो, आणि हुशारपण आहे, आणि त्याला कुणी मुलं घेऊन दवाखान्यात आलेल्या बायका कधी दाखवल्या नाहीत.

अफवेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ज्या घराचं दार आधीच बंद आहे तिथे ही मालिका पोचू नये असंच मला वाटतं. पण सांजवारा, तुम्ही त्या आईबद्दल लिहिलंत, मी तिला आधी विचारलं म्हणून. मला ते तेव्हा माझं अपयश वाटलं होतं. पुढच्या फेरीला, सहा आठवड्यांनी, मी परत त्या घरी गेले होते हे लिहायचं राहिलं. तिने दार उघडलं, मुलाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, द्या.

दुसरं पर्व कुठे मिळेल?

---

सांजवारा

डॉक्टर, माझ्याकडे दोन्ही पर्वांच्या डीव्हीडी आहेत, लीड्सहून येताना आणलेल्या. माझ्या विचारपुशीत (विपूत) पत्ता कळवा, कुरियर करते. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग हेडफोन लावून बघा, पेटीवाला म्हणतात ती सम त्यात सापडते का ते सांगा. आणि मुलगी झोपल्यावर.